बोटखतातली नावं

दापोली तालुक्यात जमिनीचा जुना तंटा निघाला की वकील आधी बोटखताची नक्कल आणायला सांगतो. सात-बारा नंतर, फेरफार नंतर. खोती गावातल्या कुठल्या तुकड्याला कोण कुळ, ते कुठल्या प्रकारचं, खोताला काय नि किती देणं लागतं, हे सरकारी अधिकाऱ्यांनी 1880 च्या खोती कायद्याखाली लिहून ठेवलेलं दप्तर म्हणजे बोटखत. मी तलाठी होते, तेव्हा अशा नकला पुष्कळ हाताखालून गेल्या. एका ओळीत जमिनीचा नंबर, कुळाचं नाव, पुढे ‘अर्धेल’ असा शेरा. बस, एवढंच. पण ज्याचं नाव त्या ओळीत आहे त्याचे पणतू आज मुंबईहून रातराणीने येऊन त्या एका ओळीसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

माझं सासर आंजर्ल्याचं, माहेर जोग नदीच्या वरच्या अंगाला एका खोती गावात. आंजर्ल्याला लोक कड्यावरच्या गणपतीसाठी येतात, कासवांच्या पिल्लांसाठी येतात, पोफळीच्या वाडीत राहून मोदक खाऊन जातात; इथलं दप्तर त्यांच्यापैकी कोणी पाहत नाही. बुद्धीला पटेल तेच मानावं, प्रत्येक माणसाला माणूस म्हणून काही हक्क असतात, या युरोपातल्या विचारांनी जगात काय उलथापालथ केली हे शाळेत आपण पॅरिस आणि लंडनच्या धड्यांत शिकतो. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, धडा बाजूला ठेवा आणि दापोली तालुक्याचं दप्तर काढा. इथे तो विचार आला तेव्हा पहिल्यांदा त्याचा फायदा कुणी घेतला, आणि ज्यांच्यासाठी तो होता असं आपण समजतो त्यांना तो किती उशिरा आणि किती झगडून मिळाला, ते तिथे ओळीओळीने दिसतं.

खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, हे त्याचं काम. भरायचं ते ठरलेलं, वसूल करायचं ते त्याच्या मर्जीचं, आणि मधला फरक त्याचा. पेशवाईतच हे वतन वंशपरंपरेचं होऊन बसलं होतं. भातशेतीचं अर्धं पीक खोताचं, ते अर्धेल. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी व्हायची, तिथे तिसरा हिस्सा, ते तिर्धेल. शिवाय वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला आठवेठ म्हणत.

आजी सांगायची ती गोष्ट अर्धेलाची नसायची, अभावणीची असायची. पीक उभं असतानाच खोताचा कारकून बांधावर येई, नजरेने अंदाज करी आणि इतकं मण भात होणार असं लिहून टाके. झालं. मग त्याच्या अर्ध्याचा भरणा करायचा. कापणीआधी दसऱ्याचा पाऊस आला, भात आडवं झालं, डुकरांनी नासलं, तरी लिहिलेला आकडा हलायचा नाही. कारकुनाला कोंबडं गेलं तर आकडा थोडा खाली यायचा, असंही आजी सांगायची, आणि हसायची. तिच्या हसण्याचा मला तेव्हा राग यायचा. पुढे स्वतः पीक-पाहणी लिहायला लागल्यावर कळलं की नजरेने लिहिलेल्या आकड्याला किती माणसांचं पोट बांधलेलं असतं.

देशावर इंग्रजांनी वेगळं केलं होतं. मध्ये कोणी नको, सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी सरळ व्यवहार करावा, त्याचं नाव, त्याचा तुकडा, त्याचा आकार असं मांडावं, ही रयतवारी. यामागे नुसती महसुलाची सोय नव्हती. एल्फिन्स्टनच्या हाताखालच्या साहेबांची एक पिढी बेंथम, मिल, रिकार्डो वाचून आलेली होती. प्रिंगल साहेबाने तर रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत धरून पुणे जिल्ह्यातल्या शेतांचा निव्वळ नफा काढायचा घाट घातला होता. तो सपशेल फसला, आणि 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून साधी, चालणारी पद्धत घातली. पण कोकणात ही गाडी खोतापाशी येऊन अडली. मोजणी झाली, आकार बसले, आणि सरकारने खोताला विचारलं, तुझ्या आणि कुळाच्या मधलं काय ते लिहून दे. खोत म्हणाले, आमच्या घरातलं आहे, तुम्ही कोण विचारणारे?

आणि इथे आमच्या तालुक्याची गंमत सुरू होते. खोतांच्या बाजूने बोलणारी माणसं अडाणी, जुनाट वगैरे नव्हती. मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, आम्ही त्यांना रावसाहेब मंडलिक म्हणतो, 1833 चा जन्म, मुंबईचे नामांकित वकील, ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्राचे संस्थापक, याज्ञवल्क्यस्मृतीचा आणि व्यवहारमयूखाचा इंग्रजी अनुवाद करणारे. मुंबईच्या कायदेमंडळात बसून ते खोतांची बाजू मांडत. ती भाषा धर्माची नव्हती, पक्की वकिली होती: करार, वहिवाट, मालकी, सरकारला खासगी मालमत्तेत हात घालायचा अधिकार काय? टिळकांचं घराणंही आमच्याच तालुक्यातल्या चिखलगावचं, खोतीत हिस्सा असलेलं. 1899 च्या सुमारास खोती कायद्यात कुळांच्या बाजूने बदल करायचं निघालं तेव्हा ‘केसरी’ने खोतांची कड घेतली. सावकाराचा पैसा काढून गरिबांत वाटायचा सरकारला जसा हक्क नाही, तसाच खोताचं उत्पन्न काढून कुळाला द्यायचाही नाही, प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, असा त्या लेखनाचा सूर होता.

मला हे वाचून टिळकांविषयी वाईट वाटत नाही. उलट त्यांनी मुद्दा बरोबर धरला होता असं वाटतं. हक्काचाच प्रश्न होता. फक्त हक्क असलेला माणूस म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे खोत उभा होता. फ्रेंचांनी 26 ऑगस्ट 1789 ला मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, त्याचं शेवटचं, सतरावं कलम मालमत्तेला पवित्र आणि अनुल्लंघनीय म्हणतं. आणि त्याच्या आधी अवघ्या तीन आठवड्यांवर त्याच सभेने सरंजामदारांचे विशेषाधिकार रद्द केल्याचं जाहीर केलं होतं, पण जमिनीवरच्या बऱ्याचशा देण्यांसाठी आधी भरपाई मोजायची अट ठेवली. ती अट निघून ती देणी बिनभरपाई रद्द व्हायला जुलै 1793 उजाडला. म्हणजे पॅरिसलाही हा पेच चुकला नव्हता. चिखलगावला कसा चुकावा?

1880 च्या कायद्याने कुळाला खोतापासून सोडवलं नाही. पण एक केलं. बोटखत लिहायला लावलं. कुळांच्या प्रती ठरवल्या: धारेकरी फक्त सरकारी आकार भरणारा, त्याखाली वहिवाटीचा हक्क असलेली कुळं, आणि सगळ्यात खाली खोताच्या मर्जीवर असलेलं. कोण कुठल्या प्रतीत बसला यावर पुढच्या शंभर वर्षांचं नशीब ठरलं. नोंद घ्यायला अधिकारी गावात आला तेव्हा ज्याच्यात खोताच्या पडवीसमोर तोंड उघडायची धमक होती त्याचं नाव वरच्या प्रतीत गेलं असणार. माझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव सगळ्यात खालच्या प्रतीत आहे. आमच्या घराण्यात तोंड उघडायची रीत नंतर आली.

तोंड उघडणारा एक माणूस त्याच दशकात दापोलीतच होता, आणि त्याचं नाव आजही दापोलीच्या बाहेर फारसं कोणी घेत नाही. गोपाळबाबा वलंगकर. मूळचे महाडजवळच्या रावढळचे, महार, पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला आलेले. दापोलीचा कॅम्प तेव्हा पेन्शनर शिपायांनी भरलेला असे. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ याच कॅम्पात कुटुंबासह राहिले, आणि धाकटा भीमराव तेव्हा लहानगा होता. वलंगकर जोतीराव फुल्यांच्या विचारातले. जोतीरावांनी तरुणपणी टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं, आणि पेन म्हणजे फ्रेंच क्रांतीची बाजू घेऊन इंग्लंडच्या सरकारला आव्हान देणारा, कॉर्सेट शिवायचा धंदा शिकलेला माणूस. त्याचं बोट धरून पुण्याहून जो विचार निघाला तो वलंगकरांच्या हातून दापोलीत उतरला. 1888 च्या सुमारास त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. विटाळ कुठल्या शास्त्रात आहे, तो कशाने लागतो, कशाने जातो, असे वरच्या जातींना एकामागून एक प्रश्न. विनंती नाही, गाऱ्हाणं नाही, उत्तर द्या एवढंच. 1890 ला त्यांनी दापोलीतच ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ काढली. पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणं सोसलं नाही. मंडलिकांच्या मुरुडपासून वलंगकरांच्या कॅम्पापर्यंत सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं. दोघंही युरोपातल्या एकाच झाडाची फळं खात होते, पण एकमेकांशी बोलल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

मुरुडचं दुसरं नाव धोंडो केशव कर्वे. 11 मार्च 1893 ला त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत असलेल्या एका विधवेशी, लग्न केलं, आणि मुरुड गावाने बैठक घेऊन बहिष्कार घातला. कर्वे पुण्यात होते, झळ बसली ती घरच्यांना, म्हाताऱ्या आईला आणि भावाला. विधवाविवाहाचा कायदा तेव्हा चाळीस वर्षांचा व्हायला आला होता, 1856 चा. कायदा असून गाव विचारत नव्हतं. पण दप्तरात आयुष्य गेलेल्या बाईला त्या कायद्यातलं दुसरंच काही खुपतं. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपेल, ती जणू मेलीच असं धरून जमीन पुढच्या वारसाकडे जाईल, असं दुसरं कलम होतं. लग्नाचा हक्क हवा तर जमीन सोडा. ज्या विधवेला वाटणीत काही येणार होतं तिचे दीर तिच्या पुनर्विवाहाला आनंदाने परवानगी देतील, इतकं ते कलम चोख होतं. तरी दिली नाही, हे मुरुडचं विशेष. कर्व्यांनी पुढे हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ वगैरे काढलं ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा मुलगा रघुनाथ, जन्म मुरुडचाच, बापाच्याही पुढे गेला: संततिनियमनाचा दवाखाना, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, अश्लीलतेचे खटले. 1934 च्या खटल्यात त्याचं वकीलपत्र घेतलं दापोली कॅम्पात लहानपणी राहून गेलेल्या त्या भीमरावांनी, डॉ. आंबेडकरांनी. असा हा तालुका.

महाड जिल्ह्याबाहेरचं, पण आमच्या माणसांना फार लांब नाही. 1923 ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. 1924 ला महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला लोक प्रत्यक्ष पाणी प्याले तेव्हा मार खाऊन परत गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला धरमतरच्या मोटारवाल्यांनी गाड्या नाकारल्या म्हणून बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने आमच्या बाणकोटच्या खाडीवाटे दासगावला गेले आणि तिथून चालत महाडला. मंडपाला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरच्या त्या भाषणात बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना थेट 1789 च्या व्हर्सायच्या सभेशी केली. मला यात दिखाऊपणा दिसत नाही. मंडपात बसलेल्यांत निम्मे पेन्शनर शिपाई असतील, गिरणीत राबणारे असतील. फ्रान्सचा राजा कोण हे त्यांना ठाऊक नसेल, पण राजाने सभा बोलावली नि सभेने राजालाच जाब विचारला, हे त्यांना लगेच कळलं असणार. ज्यांना पाण्याचा घोट मिळत नव्हता त्यांनी जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा मंजूर केला. मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. तळ्याचा दावा मात्र दिवाणी कोर्टात चालत राहिला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला.

तोवर जमिनीचीही वेळ आली होती. 14 एप्रिल 1929 ला चिपळूणच्या शेतकरी परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते आणि विषय खोतीचा होता. इथे एक गोष्ट पुस्तकांत नीट येत नाही असं मला वाटतं. कुळ ताठ झालं ते भाषणाने नाही, मनीऑर्डरने. हर्णैच्या बंदरातून बोट पकडून घरटी एक माणूस परळ-लालबागच्या गिरणीत गेला, आणि भात कमी आलं तरी घर चालायला लागलं. मग आठवेठीला जायला नकार देता येतो. गिरणीत त्याला आठवड्याची सुटी, हजेरी, युनियन हे प्रकार दिसले. गणपतीला गावी आला की खोताच्या पडवीत तो बसायचा त्याची जागाच बदलली. कुळांत महार होते तसे कुणबी, गवळी, आगरीही होते. 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक निवडून आले ते या बळावर, आणि 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल मांडलं. वाजवी भरपाई देऊन खोत हटवायचा, कसणाऱ्याला सरकारात थेट भरणारा खातेदार करायचं. मालमत्तेचा मान राखूनच मालकी बदलायची, अशी ती मांडणी. जानेवारी 1938 ला हजारो कुळं मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेली. बिल मंजूर झालं नाही. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, रत्नागिरीचेच. पुढे त्यांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात खोती निर्मूलन कायदा झाला, 1949 चा, आणि 1950 च्या मे महिन्यात तो लागू झाला.

खोत गेला, खोताची खासगी शेतं राहिली. त्यांच्यासाठी कुळकायदा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन: त्या दिवशी जे कुळ जमीन कसत होतं ते खरेदीदार मानलं गेलं. मग कलम 32-ग ची चौकशी, किंमत ठरणार, हप्ते फिटले की 32-म चं प्रमाणपत्र. आमच्या घरी ते प्रमाणपत्र देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत असायचं, त्याला हळदकुंकू लागलेलं. पण ज्या घरी ते नाही त्या घरांची कहाणी तलाठ्याला जास्त माहीत असते. 1957 च्या आधी मालकाने ‘राजीनामा’ लिहून घेतला, म्हणजे कुळाने आपणहून जमीन सोडल्याचा कागद, अंगठा लावून. किंवा तारीख पडली तेव्हा कुळ गिरणीत रात्रपाळीला होतं, हजर राहिलं नाही, आणि 32-प प्रमाणे खरेदी निष्फळ ठरली. एका गैरहजेरीत पिढ्यांची जमीन गेली. किंवा मालक विधवा निघाली. विधवा, अज्ञान, अपंग अशा मालकांच्या जमिनीत कुळाचा खरेदीचा हक्क 32-फ ने पुढे ढकलला होता, आणि ते योग्यही होतं, कारण त्यांना दुसरा आधार नव्हता. परंतु ज्या समाजाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी विधवेचं तोंड पाहिलं नाही, त्यातल्या कितीतरी घरांनी या वेळी घरातल्या म्हातारीचं नाव दप्तरात फार जपलं. ती वारली की मुदतीत नोटीस द्यायचं कुळ विसरायचं, आणि भाऊबंद विसरायचे नाहीत.

कुळांच्या घरातही पुढे हेच. जमीन मिळाली ती बापाच्या नावावर. बाप गेला, वारस तपास झाला, तर सात-बाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं उजवीकडे, ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीच्या आणि बँकेच्या बोज्याच्या शेजारी. 1956 च्या वारसा कायद्याने मुलगी वारस झाली होती. त्यासाठीच्या हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रिपद सोडलं होतं. 1994 ला महाराष्ट्राने मुलीला जन्मानेच हिस्सा दिला, 2005 ला दिल्लीने. आमच्याकडे मात्र भाऊबीजेच्या आसपास हक्कसोडपत्रांची गर्दी व्हायची. ओवाळणीत साडी, आणि दुसऱ्या दिवशी दापोलीला दुय्यम निबंधकाकडे सही. ज्या कुळाचा बाप खोताविरुद्ध मोर्च्याला गेला होता त्याच्याच पोराला बहिणीने सही नाकारली तर खोत आठवायचा, आणि मालमत्तेचे जुने मुद्दे, वहिवाट, आम्ही कसतो, तू सासरी गेलीस, जसेच्या तसे निघायचे. मंडलिक ऐकते तर खूश झाले असते.

माझा भाऊही कागद घेऊन आला होता. मी सही केली नाही. म्हटलं, अरे, माझ्याच हातून फेरफार मंजुरीला जातात, मीच माझं नाव कसं खोडू? तो पुढची दिवाळी बोलला नाही, मग बोलायला लागला. आता सात-बाऱ्यावर माझं नाव डाव्या बाजूला आहे, वाट्याला काही गुंठे, त्यातलं निम्मं कातळ.

हर्णैच्या बाजूने खाडीवर पूल झाल्यापासून आंजर्ल्याच्या आसपास कातळालाही भाव आला आहे. एजंट फिरतात, रिसॉर्टवाल्यांसाठी सलग तुकडे बघतात, आणि त्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे बहिणी. डोंबिवली, विरार, नालासोपारा असं शोधत त्यांना प्रत्येकीची सही आणावी लागते. माझ्याकडेही एक आला, ताई ताई करत, चहा घेतला, भावाने हो म्हटलंय म्हणाला, तुमची फक्त सही हवी. मी विचारलं, गुंठ्याला काय देणार?

त्याने सांगितलेला आकडा अभावणीचा होता. मी त्याला मोजणीची नक्कल दाखवली आणि पुन्हा यायला सांगितलं.